पानटपरी तंबाखू कायद्यात कशी बसवायची

सोलापुरात टपरीची जागा धरताना आधी टेप काढा, पागडीचं नंतर बोला. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याप्रमाणे शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. बहुतेकांची चूक इथंच होते: ते फाटकापासून आणि रस्त्यानं मोजतात. मोजायचं ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी. जुन्या पेठांच्या वळणावळणाच्या बोळांत रस्त्यानं १२० मीटर भरणारी टपरी सरळ रेषेत ७० मीटरवर निघू शकते. मोबाइलच्या नकाशात भिंतीच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापासून अंतर मोजून पाहा. ९० च्या आसपास आलं तर ती जागा सोडलेलीच बरी. आत बसत असेल, तर तिथं बिनतंबाखूचं पान आणि गोळ्या-बिस्किटं एवढंच चालेल.

आता पाटी. '१८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे' ही पाटी किमान ६० बाय ३० सेंटिमीटर हवी, तिच्यावर तंबाखूच्या दुष्परिणामाचं चित्रही हवं. झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला ए-फोर कागद या मापाच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरतो, तो चिकटवून उपयोग नाही. मराठी पाटी लावाच; गिऱ्हाईक तेलुगू किंवा कानडी बोलणारं असेल तर त्या भाषेतली दुसरीही लावा. पाटीसमोर वेफर्सच्या माळा लटकवू नका. झाकलेली पाटी म्हणजे नसलेली पाटी.

कंपनीचा माणूस फुकटात चकचकीत बोर्ड देतो, महिन्याचे पैसेही देतो. घेऊ नका. दुकानावर लावायच्या फलकाला कमाल ६० बाय ४५ सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि असे दोनच फलक चालतात. वरच्या कडेला २० बाय १५ मध्ये 'तंबाखूमुळे कॅन्सर होतो' किंवा 'तंबाखूमुळे मृत्यू होतो' असा इशारा, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत. खाली फक्त 'सिगारेट, विडी' असे प्रकार लिहायचे. ब्रँडचं नाव, पाकिटाचं चित्र, मागून दिवा, काहीच चालत नाही. जाहिरातीच्या गुन्ह्याला पहिल्या खेपेला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बोर्ड कंपनीचा असला तरी टपरी तुमची आहे.

पाकिटं गल्ल्यामागच्या वरच्या फळीवर ठेवा. मुलांचा हात पोचेल अशी मांडणी नियमात बसत नाही, म्हणून चॉकलेटच्या बरण्यांशेजारी पुड्यांच्या माळा नकोत. प्रत्येक पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंवर ८५ टक्के जागेत सचित्र इशारा असतो. तो नसलेली परदेशी सिगारेट मालात घेऊच नका. विड्यांच्या कट्ट्यावरचं लेबल फाटलेलं असेल तर कट्टा परत करा. सुटी सिगारेट, सुटी विडी महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंद आहे. 'एकच द्या की' म्हणणाऱ्या रोजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं अवघड जातं खरं, पण पाकीट फोडायचं नाही.

गुटखा, मावा, सुगंधी तंबाखू यांचा कायदाच वेगळा. अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. इथं पाटी लावून किंवा वय विचारून सुटका नाही, माल ठेवणंच गुन्हा. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशभर बंदी.

सगळ्यात जास्त गफलत वयात होते. 'बाबांनी मागवलीय' म्हणत आलेल्या पोराला पुडी द्यायची नाही, चिठ्ठी आणली तरी नाही. तंबाखू कायद्यात यासाठी दंड २०० रुपयांपर्यंतच, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७७ वेगळं आहे: १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू किंवा दारू दिली तर ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. गिऱ्हाईक सज्ञान होतं हे सिद्ध करणं विकणाऱ्यावर असतं. शंका आली की आधार किंवा लायसन्स मागा. जेवायला जाताना शाळकरी मुलाला गल्ल्यावर बसवायची पद्धत सर्रास आहे. १८ वर्षांखालच्यानं तंबाखू विकणं किंवा हाताळणंही मना आहे.

टपरीला जोडून छपराखाली चहाची बाकडी असतील, तर तिथं लायटर आणि राखदाणी ठेवू नका. तपासणीला फौजदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी येऊ शकतो, अन्न व औषध प्रशासनाचाही. मालाची बिलं गल्ल्यातच ठेवा.