अळसांद्याचे बियाणे पावसाळ्यात का बिघडते? या चुका टाळा

गोव्यात भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर घेतलेले अळसांदे, म्हणजेच चवळी, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतात आणि पुढच्या पेरणीला नोव्हेंबर उजाडतो. मधला अख्खा पावसाळा बियाण्याला घरातच काढायचा असतो.

बहुतेक बिघाडांचे मूळ ओलाव्यात सापडते. बियाणे प्रमाणनाच्या निकषांनुसार चवळीतील ओलावा साध्या पिशवीसाठी 9 टक्के आणि ओलावा न शिरणाऱ्या पिशवीसाठी 8 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. दुसरी मर्यादा अधिक कडक आहे, कारण हवाबंद पिशवी बाहेरची दमट हवा जशी आत येऊ देत नाही, तशीच आतली ओलही बाहेर जाऊ देत नाही. म्हणून अर्धवट सुकलेले बियाणे तिच्यात उघड्या गोणीपेक्षाही लवकर कुजते. मीठ घालून बाटली हलवण्याची चाचणी साधारण 15 टक्क्यांपुढचाच ओलावा दाखवते, तेव्हा तिच्यावर विसंबू नये. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे. मात्र तापलेल्या सिमेंटवर दुपारभर वाळवल्यास साल तडकते. ताडपत्रीवर सकाळचे ऊन बरे.

दुसरी चूक भुंगेऱ्याबाबतची, म्हणजे दाणे पोखरणाऱ्या किडीबाबतची. तो कोठारातूनच येतो, असा समज आहे. प्रत्यक्षात मादी शेतातल्या शेंगांवरही अंडी घालते आणि अळी दाण्याच्या आत वाढते, त्यामुळे साठवताना स्वच्छ दिसणाऱ्या बियाण्याला महिन्याभरात भोके पडतात. किलोला 5 मिलिलिटर खाद्यतेल चोळल्यास अंडी गुदमरतात. खोबरेलही चालते, पण तेल प्रमाणाबाहेर झाले तर उगवण घटते, आणि आत शिरलेल्या अळीवर तेलाचा फारसा उपयोग होत नाही. तिच्यासाठी हवाबंद पिशवीच हवी, तीही हवा दाबून काढून, तोंड घट्ट बांधून. आतला प्राणवायू संपला की कीड मरते. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) भाजीसाठी तीच पिशवी ऐन पावसाळ्यात उघडली, तर सारी मेहनत वाया जाते. खाण्याचे अळसांदे वेगळेच ठेवावेत.

पिकाला हवेतला नत्र मिळवून देणारे रायझोबियम हे जिवंत जिवाणू असल्याने ते बियाण्याला साठवणीत न लावता पेरणीच्या दिवशीच, बुरशीनाशकानंतर लावावे.

पेरणीपूर्वी 100 दाणे ओल्या गोणपाटात रुजवून पाहावेत. 75 पेक्षा कमी रुजले, तर बियाण्याचे प्रमाण वाढवावे. निम्मेही न रुजल्यास ते पेरू नये, आणि रासायनिक औषध लावलेले असेल तर शिजवूही नये.