आजोबांच्या नावाने ४२.१९५ किलोमीटर : फौजींच्या नातवंडांसाठी वीस आठवड्यांची तयारी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे १५ ते २१ तारखेच्या दरम्यान. १५ जानेवारी हा सेना दिवस. फौजेत आयुष्य काढलेल्या आजोबांसाठी धावायचं तर याहून चांगला मुहूर्त नाही. तिथून वीस आठवडे मागे मोजले की ऑगस्टअखेर येते. तेव्हा न थांबता आठ किलोमीटर पळता येत नसेल, तर यंदा अर्ध मॅरेथॉनला नाव द्या. आजोबांचा मान त्याने अर्धा होत नाही.

आधी कागद, मग बूट

टी-शर्टवर छापायच्या आधी माहिती पक्की करा. घरात सांगितलं जातं ते आणि कागदावर असतं ते पुष्कळदा जुळत नाही. फौज सोडताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकात सेवा क्रमांक, रेजिमेंट, हुद्दा आणि नोकरीची वर्षं मिळतात. ते सापडलं नाही तर पदकं पाहा. समर सेवा स्टार १९६५ च्या युद्धाचा. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल १९७१ ची. पदकाच्या कडेवर बहुधा नाव आणि क्रमांक कोरलेला असतो. खरी पदकं छातीवर लावून पळू नका. उड्यांनी पिन उघडते आणि पदक गर्दीत हरवतं. फोटो छापलेलं कापड पाठीवर लावा. पुढे बिब, म्हणजे शर्यतीचा क्रमांक छापलेला कागद, असतो.

तिरंग्यावर नाव लिहू नये आणि तो शालीसारखा पांघरू नये. नियमात दोन्ही बसत नाही. फौजी गणवेशही नको. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून तो घालणं गुन्हा आहे.

रविवारची लांब धाव

सगळी तयारी हिच्याभोवती फिरते. पहिल्या तीन रविवारी ९, ११, १३ किलोमीटर आणि चौथ्याला पुन्हा ९. मग १५, १७, १९ आणि उतरून १४. मग २१, २३, २५ आणि १८. त्यानंतर २७, २९ आणि पंधराव्या आठवड्यात ३२. हा ३२ चा रविवार १६ डिसेंबरच्या विजय दिवसाच्या आसपास पडतो. आजोबा १९७१ च्या युद्धात लढलेले असतील तर तारीख आपोआप साधते. पुढे २०, २८, २०, १२ आणि मग शर्यत.

दर चौथ्या आठवड्याची उतरण लोक हमखास गाळतात. तब्येत ठणठणीत वाटत असते, म्हणून. दम आणि स्नायू लवकर तयार होतात, हाडं आणि स्नायुबंध मागून येतात. नडगीचं दुखणं याच फरकातून निघतं.

मंगळवारी आणि गुरुवारी ६ ते १० किलोमीटर, बुधवारी अर्धा तास बैठका, पायऱ्या आणि पोटाचे व्यायाम. सोमवारी आणि शुक्रवारी पूर्ण विश्रांती, शनिवारी फार तर चालणं. लांब धावेत सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटत असतील तर वेग जास्त आहे.

ऑक्टोबर हीट, पाणी आणि खाणं

पहाटे पाचला निघा. धावेआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला, त्यात वाटेत प्यालेलं पाणी मिळवा. तासाला ४०० ते ६०० मिली बहुतेकांना पुरतं. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन चक्कर आणि मळमळ येते, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवा.

तीस किलोमीटरच्या सुमारास पाय शिशाचे होतात, कारण स्नायूंतली साखर संपत आलेली असते. तेव्हा खाऊन उशीर होतो. पाऊण तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं घ्या. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. खजूर चालतो. शेंगदाणा चिक्की मात्र तेलामुळे पोटात बसून राहते. शर्यतीच्या दिवशी नवं काही खाऊ नका आणि नवे बूटही घालू नका. बूट डिसेंबरच्या सुरुवातीला घेऊन शंभरेक किलोमीटर मुरवा. पुढे अंगठ्याएवढी जागा सोडा, नाही तर नखं काळी पडतात.

कुठे थांबायचं

इथे नातवंडं हमखास चुकतात. ‘आजोबा चौकीवरून हलले नाहीत, मी कसा थांबू?’ असं म्हणत दुखऱ्या पायाने पळतात. साधं अंगदुखणं धावताना सैल होतं. एकाच जागी बोट ठेवता येईल असं आणि पावलागणिक वाढणारं दुखणं मात्र हाडाचं असू शकतं. धाव थांबवा, डॉक्टरला दाखवा. दहा दिवस गेले तरी तयारी मोडत नाही. छातीत दाब किंवा भोवळ आली तर त्याच क्षणी बसा. चाळिशीपुढच्यांनी सुरू करण्याआधीच हृदय तपासून घ्यावं.

आजोबा असतील तर

अंतिम रेषेवर त्यांना उभं करू नका. तिथे गर्दी असते आणि बसायला जागा नसते. सदतीस-अडतीस किलोमीटरच्या टप्प्यावर, सावलीच्या बाजूला खुर्ची ठेवा. रस्ते पहाटेच बंद होतात, म्हणून आदल्या रात्री जवळ मुक्काम हवा. सोबत औषधं, टोपी, नाश्ता आणि एक धडधाकट माणूस. तुम्ही त्यांच्यापाशी कधी पोहोचाल ती वेळ मागेपुढे वीस मिनिटं धरून सांगा.

निधी गोळा करायचा असेल तर ७ डिसेंबरच्या सशस्त्र सेना ध्वजदिनापासून सुरुवात करा आणि पैसे ध्वजदिन निधीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत भरा. पावती आजोबांच्या नावाने मागा.