अमेरिकेत नोकरी सुटली की शेवटचा पगार कधी मिळायला हवा?

मी अमेरिकेत पेरोलचं काम करते. ओळखीतल्या कुणाची नोकरी गेली की मला फोन येतो, आणि मी आधी हेच विचारते: तुम्ही रोज कुठे बसून काम करत होतात? घरून काम करणाऱ्यांचा इथेच घोळ होतो. कंपनी टेक्ससची असली तरी तुम्ही सॅन होजेच्या घरातून काम करत असाल, तर साधारणपणे कॅलिफोर्नियाचे नियम लागतात.

मग दुसरा प्रश्न: राजीनामा दिलात की काढलं? फेडरल कायदा शेवटचा पगार लगेच द्या असं सांगत नाही. मुदत ठरवतं राज्य, आणि बऱ्याच राज्यांत ती या एका उत्तरावर बदलते.

कॅलिफोर्नियात काढून टाकलं किंवा ले-ऑफ झाला, तर पैसे त्याच दिवशी, तिथल्या तिथे द्यावे लागतात. तुम्ही ७२ तास आधी नोटीस देऊन निघालात तर शेवटच्या दिवशी, आणि न सांगता सोडलंत तर ७२ तासांच्या आत. कंपनीने जाणूनबुजून उशीर केला तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला एका दिवसाचा पगार दंड म्हणून तुम्हालाच मिळतो, जास्तीत जास्त ३० दिवसांचा. यात शनिवार-रविवारही धरतात. समजा तुमची रोजची कमाई २४० डॉलर होती आणि चेक दहा दिवस उशिरा आला, तर दंड झाला २,४०० डॉलर. हा दंड मागायचा असतो हेच कित्येकांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मॅसॅच्युसेट्सही कडक आहे. काढलं तर त्याच दिवशी पूर्ण पगार. उशीर झाला तर थकलेल्या रकमेच्या तिप्पट भरपाई, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. टेक्ससमध्ये काढल्यास सहा दिवसांत, राजीनामा दिल्यास पुढच्या ठरलेल्या पगाराच्या तारखेला. न्यूयॉर्कमध्ये दोन्ही वेळी पुढची तारीख. फ्लोरिडा आणि जॉर्जियात खासगी नोकरीसाठी असा राज्याचा नियमच नाही.

शिल्लक सुट्टी विसरू नका. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, कोलोरॅडो, इलिनॉय या राज्यांत कमावलेली व्हेकेशन म्हणजे पगारच, ती शेवटच्या चेकमध्ये यायला हवी. टेक्सस आणि न्यूयॉर्कमध्ये कंपनीच्या लेखी धोरणात काय आहे त्यावर ठरतं. म्हणून निरोपाची कुणकुण लागताच, लॉगिन बंद होण्याआधी, पे-स्टब (पगाराच्या पावत्या), सुट्ट्यांची शिल्लक दाखवणारं पान आणि हँडबुकमधला (कंपनीच्या नियमपुस्तिकेतला) सुट्टीचा भाग स्वतःकडे उतरवून घ्या. कंपनीची बाकी कागदपत्रं मात्र घेऊ नका.

सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना कंपनी वेगळे देते त्या पैशांच्या, कागदावर सही केल्याशिवाय पगार मिळणार नाही असं कुणी म्हणालं तर थांबा. सेव्हरन्स वेगळा, केलेल्या कामाचा पगार वेगळा. कॅलिफोर्नियात देय पगारासाठी अशी सही मागणं बेकायदा आहे.

पैसे आले नाहीत तर एचआरला ईमेल करा, फोनवर भागवू नका. शेवटचा दिवस, किती तास किंवा दिवसांचा पगार बाकी आहे, किती सुट्टी शिल्लक आहे, एवढं लिहा आणि उत्तरासाठी तारीख द्या. भाषा साधी ठेवा, रागाची वाक्यं काढून टाका. उत्तर नाही आलं तर राज्याच्या कामगार खात्याकडे वेज क्लेम, म्हणजे थकलेल्या पगाराचा दावा, भरा. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. टेक्ससमध्ये पगार देय झाल्यापासून १८० दिवसांत अर्ज करावा लागतो, तेव्हा तिथल्यांनी रेंगाळू नये. व्हिसावर आहोत म्हणून गप्प बसणारे मी पाहिलेत. कॅलिफोर्नियाचं कामगार खातं क्लेम घेताना इमिग्रेशनची स्थिती विचारत नाही.

आणि घर बदलणार असाल तर नवा पत्ता पेरोलला लेखी कळवा. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, कंपनी जानेवारीअखेरपर्यंत त्याच पत्त्यावर पाठवते.