पंचाचा निर्णय चुकला, तर जबाबदारी कोणाची हे कसे ठरवावे

११ जून २०२४ रोजी दोहा येथे फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता सामन्यात भारत कतारविरुद्ध १–० असा आघाडीवर होता. ७३व्या मिनिटाला भारताचा गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवलेला चेंडू घरंगळत रेषेबाहेर गेला, कतारच्या खेळाडूने तो पायाने मागे ओढला आणि युसुफ आयमनने तो जाळ्यात धाडला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल मान्य केला, भारत २–१ असा हरला आणि पात्रतेच्या पुढच्या फेरीचे दार बंद झाले. अशा वेळी सगळा राग शिट्टी वाजवणाऱ्यावर निघतो. तो साहजिक आहे, परंतु जबाबदारी खरोखर निश्चित करायची असेल तर काही गोष्टी क्रमाने तपासाव्या लागतात, आणि त्या तपासल्यावर दोषाचा मोठा वाटा पुष्कळदा भलत्याच ठिकाणी सापडतो.

सर्वप्रथम निर्णय चुकला आहे काय, हे नियमाच्या शब्दांवर घासून पाहावे. चेंडू बाहेर गेला असे केव्हा म्हणायचे? तो जमिनीवरून वा हवेतून संपूर्णपणे रेषेपलीकडे गेला असेल तेव्हाच. २०२२च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध जपानच्या मितोमाने दिलेला पास जगभर फिरलेल्या छायाचित्रांत रेषेबाहेरचा वाटत होता, पण चेंडूचा फुगीर भाग रेषेवर किंचित आलेला होता आणि व्हीएआरच्या, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांना मदत करणाऱ्या यंत्रणेच्या, तपासणीनंतर गोल ग्राह्य धरला गेला. म्हणून तिरक्या कोनातून घेतलेल्या एका छायाचित्रावर मत बनवू नये. रेषेच्या सरळ समांतर किंवा वरून दिसणारे दृश्य शोधावे. दोह्यातील चेंडूबाबत मात्र दृश्ये पाहून फारशी शंका उरत नाही.

चूक ठरल्यावर तिची जात ओळखावी. ती नजरेची आहे, नियमाच्या अज्ञानाची आहे, की हेतूची? निकालावर काही परिणाम होऊ शकेल की नाही, हे जवळजवळ पूर्णपणे या एका प्रश्नावर अवलंबून असते. नजरेची चूक कितीही ढळढळीत असली तरी फुटबॉलच्या पाचव्या नियमानुसार खेळातील घटनांविषयी पंचाचा निर्णय अंतिम असतो. नियमाच्या चुकीचे तसे नाही. सप्टेंबर २००५ मध्ये ताश्कंद येथे उझबेकिस्तान–बहारीन सामन्यात उझबेकिस्तान १–० असा पुढे असताना त्याने पेनल्टीवर गोल केला, परंतु त्यांचाच एक खेळाडू वेळेआधी पेनल्टी क्षेत्रात शिरला होता. नियमानुसार पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. जपानी पंचांनी मात्र बहारीनला इनडायरेक्ट फ्री किक दिली. फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने संपूर्ण सामनाच रद्द करून पुन्हा खेळवला. तो १–१ असा सुटला, दोन सामन्यांच्या या लढतीतील दुसरा सामना ०–० राहिला आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरील गोलच्या जोरावर बहारीन पुढे गेला. ज्याच्यावर अन्याय झाला होता तोच उपायामुळे बाहेर पडला, हे तक्रारीचा मसुदा लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

हेतूचा आरोप सर्वांत जड, आणि तो पुराव्यावाचून करूच नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिका–सेनेगल सामन्यात चेंडू सेनेगलच्या कुलिबालीच्या गुडघ्याला लागला असताना घानाचे पंच जोसेफ लॅम्प्टी यांनी हँडबॉलची पेनल्टी दिली. पुढे सामन्याच्या निकालात गैरप्रकार केल्याबद्दल फिफाने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली, क्रीडा लवादाने ती कायम ठेवली आणि वर्षभराने पुन्हा खेळवलेला सामना सेनेगलने २–० असा जिंकला. नुसती चुकीची पेनल्टी एवढ्यावर हे कधीच घडले नसते.

चूक नजरेची असेल, आणि बहुतेकदा ती तशीच असते, तर कोणाला दिसू शकत होते हे पाहावे. सामना एक पंच चालवत नाही. सहायक पंचाने शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या किंवा चेंडूच्या, जो गोलरेषेला अधिक जवळ असेल त्याच्या रेषेत राहायचे असते. त्यामुळे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूबाबत पहिली विचारणा त्याच्याकडेच व्हावी. १९८६ साली अर्जेंटिनाच्या मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेल्या गोलबद्दल ट्युनिशियाचे पंच अली बिन नासर आणि बल्गेरियाचे सहायक बोगदान दोचेव्ह यांनी पुढे अनेक वर्षे एकमेकांकडे बोट दाखवले. हात वापरणारा मात्र नामानिराळा राहून कौतुकाचा धनी झाला! आपल्या ताळेबंदात खेळाडूचाही रकाना असावा, असे मला वाटते. २००९ साली आयर्लंडविरुद्ध गोलआधी चेंडू हाताळल्याचे फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने सामन्यानंतर कबूल केले, तरी त्याला कोणतीही शिक्षा झाली नाही.

यानंतर पंचाच्या हाती कोणती साधने होती, हा प्रश्न येतो. दोह्याच्या त्या सामन्यात व्हीएआर नव्हते. ती सोय ठेवायची की नाही हे पंच ठरवत नाहीत, स्पर्धेचे आयोजक ठरवतात. तेव्हा त्या दिवशीच्या जबाबदारीचा एक हिस्सा त्यांच्या खात्यावर टाकणे भाग आहे. २७ जून २०१० रोजी जोहान्सबर्गला याहून विचित्र प्रसंग घडला. अर्जेंटिनाच्या तेवेझने ऑफसाइड असताना केलेला गोल मैदानातील मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवला गेला, मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत राहिले, पंच रोझेत्ती यांनी सहायकाशी चर्चाही केली. पण चित्रफितीच्या आधारे निर्णय बदलण्याची तेव्हाच्या नियमांत मुभा नसल्याने गोल तसाच राहिला. त्यांचा मूळ निर्णय चुकीचा होता, हे खरेच. मात्र चूक डोळ्यांसमोर दिसत असतानाही ती सुधारता न येण्याचा दोष नियम करणाऱ्यांचा होता.

तक्रार करायची असल्यास मागणी नेमकी असावी. पंचाकडून भरपाई मागण्यात अर्थ नाही, कारण नियमांनुसार पंचाने घेतलेल्या निर्णयाने कोणाचे नुकसान झाले तरी त्याला उत्तरदायी धरता येत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने कतारच्या सामन्यानंतर तक्रार केली, परंतु निकाल बदलला नाही. ऑन्रीच्या त्या प्रसंगानंतर आयर्लंडलाही पुन्हा सामना मिळाला नाही. व्यवस्थेविषयीच्या मागण्यांना तुलनेने यश येते. तेवेझचा गोल झाला त्याच दिवशी ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीच्या गोलरेषेच्या बराच आत पडूनही गोल दिला गेला नव्हता, आणि लांबून मारलेल्या त्या फटक्याबरोबर सहायक पंचाने गोलरेषेपर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. त्यानंतर उठलेल्या ओरडीमुळे २०१२ साली चेंडूने गोलरेषा ओलांडली की नाही हे सांगणाऱ्या गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली, आणि २०१४च्या विश्वचषकात फ्रान्स–होंडुरास सामन्यात त्याच्या आधारे गोल दिला गेला.