ऑफिसचा विकी: डोकुविकी लावताना आणि तो जिवंत ठेवताना

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न तिसऱ्यांदा आला, की त्याचं उत्तर विकीवर, म्हणजे सगळ्यांना वाचता आणि बदलता येणाऱ्या पानांच्या साइटवर, जायला हवं. वीस-तीस माणसांच्या कंपनीला डोकुविकी हे विकी चालवणारं सॉफ्टवेअर पुरतं. त्याला डेटाबेस लागत नाही. प्रत्येक पान म्हणजे सर्व्हरवरची साधी टेक्स्ट फाइल.

इन्स्टॉल करताना तो पानं कोण वाचू-लिहू शकेल याचं धोरण विचारतो: खुला, सार्वजनिक की बंद. 'बंद' निवडा. त्याच पानावर 'वापरकर्त्यांना स्वतः नोंदणी करू द्या' अशी चौकट असते, तिच्यावर खूण मात्र नको. ती राहिली तर बाहेरचा कुणीही खातं उघडून सगळं वाचू शकतो, मग बंद धोरणाला काय अर्थ? काम झालं की इन्स्टॉलरची फाइल पुसून टाका. शिवाय पानं जिथे साठतात तो 'डेटा' फोल्डर ब्राउझरमधून उघडत नाही ना, हे तपासा. अपाचे या वेब सर्व्हरवर सोबत येणारी संरक्षक फाइल बहुधा हे सांभाळते. एन्जिनएक्स हा दुसरा वेब सर्व्हर ती वाचतच नाही, तिथे नियम हाताने लिहावा लागतो.

पानांची नावं मराठीत ठेवणार असाल तर एक खाचखळगा आहे. मूळ सेटिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह फाइलच्या नावात नऊ अक्षरांचं, म्हणजे नऊ बाइटचं होतं, आणि लिनक्सवर फाइलनावाची मर्यादा २५५ बाइट. म्हणजे काना-मात्रा धरून सव्वीसेक चिन्हांत नाव संपतं. 'पुरवठादारांच्या बिलांची तपासणी' एवढंही मावत नाही. त्यामुळे फाइलनावांच्या एन्कोडिंगचं (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) सेटिंग पहिल्याच दिवशी यूटीएफ-८ करा, त्यात देवनागरी जशीच्या तशी राहते. पानं तयार झाल्यावर बदललंत तर जुनी मराठी पानं विकीला सापडणार नाहीत.

सुरुवातीला विभागांचा भलामोठा सांगाडा उभारू नका. रिकामी पानं पाहून माणूस परत फिरकत नाही. खरोखर विचारले जाणारे दहा प्रश्न घ्या आणि दहा भरलेली पानं करा. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दोन ओळी: हे पान कोण सांभाळतं, आणि शेवटचं कधी तपासलं. पासवर्ड विकीवर कधीच नाहीत, त्यांना पासवर्ड मॅनेजर आहे.

बदलाला साहेबांची मंजुरी लावू नका. हवाई भाषेत 'विकी' म्हणजे झटपट. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिल्या विकीला हे नाव दिलं ते उगाच नव्हे. चूक झाली तर 'जुन्या आवृत्त्या'मधून मागचं पान परत आणता येतं. पान पुसायचं तर मजकूर रिकामा करून सेव्ह करायचं. त्याची जुनी प्रत तरीही 'ॲटिक' फोल्डरमध्ये राहते. कुणी पान संपादनासाठी उघडं टाकून चहाला गेलं तर ते १५ मिनिटं इतरांना कुलूपबंद दिसतं. बिघाड नाही तो, थांबायचं.

आणि ग्रुपवर प्रश्न आला की उत्तर टाइप करू नका, पानाचा दुवा टाका. पान नसेल तर आधी ते लिहा, मग दुवा. नवी सवय लागायला हाच मार्ग सगळ्यांत खात्रीचा.

बॅकअपमध्ये 'डेटा'इतकाच 'कॉन्फ' फोल्डर घ्या. वापरकर्त्यांची यादी आणि परवानग्या तिथेच असतात, आणि नेमका तोच विसरला जातो. 'डेटा'मधला 'कॅशे' वगळला तरी चालतो, तो पुन्हा आपोआप तयार होतो. महिन्यातून एकदा दुसऱ्या मशिनवर बॅकअप उलगडून लॉगिन होतंय का, तेही बघा.