लेखन वाचून दाखवताना या चुका टाळा

आमचा लिहिणाऱ्यांचा गट महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका घराच्या माडीवर बारा-पंधरा माणसं जमतात. आधी लेखन कुठं पाठवता येईल त्याच्या बातम्या, मग चहा, मग वाचन. ही बैठक मी अकरा वर्षं चालवते आहे. नवा आलेला जवळजवळ प्रत्येक जण त्याच त्याच चुका करतो, आणि दर वेळी तेच सांगून आता थकायला होतं. म्हणून एकदा लिहूनच काढते.

वाचायच्या आधी कथा सांगणं

"म्हणजे काय झालंय, ही कथा मला आमच्या आजोळच्या एका प्रसंगावरून सुचली..." इथंच मी हात वर करते. म्हातारी शेवटी घर विकणार हे आम्हाला आधीच सांगितलंत, तर तिची घालमेल कथेतून पोचली की तुमच्या बोलण्यातून, हे तुम्हाला कळायचं कसं? तेच कळावं म्हणून तर तुम्ही आलात. शीर्षक सांगा आणि वाचायला लागा.

जीभ अडखळली की माफी मागून पुढं जाणं

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. वाचताना जीभ घसरते, माणूस "सॉरी" म्हणतो, कागदावर आहे तसं वाचतो आणि विसरून जातो. हाताशी आलेली गोष्ट अशी निसटते.

आमच्यातल्या एका काकूंनी महाद्वार रोडवर फुलं विकणाऱ्या बाईची कथा आणली होती. स्वच्छ अक्षर, शुद्धलेखन चोख. कथेतली बाई म्हणते, "मी जाते आता, पोरं वाट बघत असतील." काकूंनी वाचलं, "मी जातो आता." थांबल्या, ओशाळल्या, 'जाते' म्हणून पुढं गेल्या. पुढच्या पानावर 'आले'चं 'आलो' झालं. तिसऱ्यांदा तसंच झाल्यावर त्या स्वतःवरच चिडल्या.

आपल्याकडच्या कितीतरी बायका 'मी आलो', 'मी जातो', 'मी करतो' असंच बोलतात. मी स्वतः घरातून निघताना "आई, मी जातो" म्हणते. काकूही तशाच बोलत आल्या, पण लिहायला बसल्या की शाळेतलं व्याकरण आडवं यायचं आणि त्या फुलवालीच्या तोंडचं वाक्य 'सुधारून' टाकायच्या. जिभेला ती बाई ठाऊक होती, कागदाला नव्हती. सगळ्या माडीला ती बाई डोळ्यांपुढं दिसली ती नेमक्या त्या तीन घसरलेल्या वाक्यांत. काकूंनी कथा घरी नेली. निवेदन प्रमाण भाषेतच ठेवलं आणि संवाद सगळे तोंडानं बोलून बोलून पुन्हा लिहिले. दोन महिने गेले त्यात. परत वाचली तेव्हा वाचून झाल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

माझी सवय सांगते. वाचताना हातात पेन्सिल असते. जीभ अडली की समासात टिंब देते आणि न थांबता पुढं वाचते. तिथल्या तिथं दुरुस्ती करत नाही, कारण चारचौघांत सुचलेला शब्द हमखास गुळगुळीत असतो. रात्री घरी एकेक टिंब बघते. कुठं वाक्य दमापेक्षा लांब झालेलं असतं, कुठं क्रियापद फार उशिरा आलेलं असतं, कुठं माणूस खोटं बोलत असतो.

हल्ली तरुण मुलं मोबाईलच्या यंत्री आवाजात स्वतःची कथा ऐकतात आणि वाचून पाहिलं म्हणतात. यंत्र अडखळत नाही, मग ते दाखवणार काय? वि. स. खांडेकर याच कोल्हापुरात राहिले. उतारवयात दृष्टी गेल्यावर ते तोंडी सांगत आणि लेखनिक लिहून घेई. पान डोळ्यांपुढं नसताना वाक्य कानानंच पारखायचं, हा केवढा अवघड रियाज! आपल्याला निदान दहा मिनिटं स्वतःच्या तोंडानं वाचायला काय हरकत आहे?

याची उलट बाजूही आहे. कोल्हापूरचं पात्र म्हणून प्रत्येक वाक्यात 'नाद खुळा' आणि 'लई भारी' घालू नका. तुमच्या गल्लीतला माणूस तसं दिवसातून कितीदा म्हणतो, मोजून बघा.

वेळ न मोजणं

सावकाश वाचलं तर माझे मिनिटाला सुमारे 120 शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांत 1200. लोक चार हजार शब्द आणतात आणि धावत सुटतात. अर्धीच कथा वाचा, पण नीट वाचा.

मोबाईलवरून वाचू नका. फोन येतो, पडदा काळा होतो, टिंब द्यायला जागा नसते.

जुलै-ऑगस्टात पत्र्याखाली बसू नका. एका वर्षी आम्ही बसलो आणि एका मुलीची अख्खी कविता पावसानं गिळली.

ऐकणाऱ्यांनी नुसतं "छान" म्हणू नये. कुठलं वाक्य लक्षात राहिलं ते सांगावं. आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लेखकानं खुलासा करू नये. "मला तिथं असं म्हणायचं होतं" हे वाक्य छापील पुस्तकासोबत जात नाही.

न तपासता बातमी आणणं

बातम्यांची वीस मिनिटं मला वाचनाइतकीच महत्त्वाची वाटतात, कारण इथं चूक झाली तर दुसऱ्याचं नुकसान होतं. एकानं प्रातिनिधिक कवितासंग्रहाची बातमी आणली. निवडक कवींना संधी, वगैरे. आमच्यातल्या कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलानं सहभागाचे पैसे भरले, वर आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकावरच्या क्रमांकासाठी, म्हणून वेगळे भरले. पुस्तक आलं तेव्हा त्याच्या कवितेचं शेवटचं कडवं गायब होतं. चौकशी करायला फोन केला तर कुणी उचलेना. तो चार महिने बैठकीला आला नाही.

दोष बातमी न तपासणाऱ्या आम्हा सगळ्यांचा होता. भारतात आयएसबीएन देण्याचं काम राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी संस्था करते आणि ती त्याचे पैसे घेत नाही. तो 13 आकडी क्रमांक फक्त पुस्तकाची ओळख आहे, दर्जाचा शिक्का नाही. त्यानं लेखनाचे हक्कही मिळत नाहीत. ते लिहिता क्षणीच तुमचे होतात आणि तुमच्यामागं 60 वर्षं राहतात. कवितासंग्रहात जागा मिळावी म्हणून घाईनं पैसे भरू नका. चांगल्या संपादकाकडून कविता परत येणं त्याहून बरं.

तेव्हापासून बातमी वहीत लिहूनच आणायची: शेवटची तारीख वर्षासकट, प्रवेशशुल्क, आधी कुठं प्रसिद्ध झालेलं लेखन चालतं का, आणि आपण स्वतः फोन करून विचारलं का. वर्ष विचारायचं कारण, मोबाईलवर फिरणारं आवाहन बरेचदा गेल्या साली संपलेलं असतं. आणि दिवाळी अंकांच्या बातम्या मे-जूनमध्येच आणा. ती वही आता तोच मुलगा सांभाळतो. परवा त्यानं माझीच एक बातमी परत पाठवली, वर्ष लिहायचं राहिलं होतं.