बुलेटचा ब्रीदर आधी बघा, पॅकिंग नंतर

आमच्या आबांची कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट पुशरॉडच्या कव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत तेलाने माखायची. एका गॅरेजवाल्याने दोनदा पॅकिंग बदललं, तरी गळती तशीच. दोष निघाला ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या, रबरात.

पिस्टन खाली येताना त्याच्या खालची हवा दाबली जाते. ३४६ सीसीचा एकच सिलिंडर, म्हणजे बरीच हवा. ती ब्रीदरमधून गेली नाही, तर मिळेल त्या फटीतून तेल घेऊनच बाहेर पडते.

इंजिन थंड असताना पाइप काढा. बदकाच्या चोचीसारखं रबर असतं, ते बोटांनी दाबून बघा. आमचं नखाने टोचलं तर टक् वाजलं, इतकं कडक झालेलं. चोच मऊ हवी आणि मिटलेली हवी. इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर हवा जावी, उलट्या बाजूने अजिबात नाही. शंका आली तर सरळ नवीन घाला, स्वस्त असतं. पाइपात पांढरट लोण्यासारखा थर असेल तर डिझेलने धुवा आणि पूर्ण वाळवा. बसवताना पाइप कुठे दबू देऊ नका, तोंड मागच्या टायरपासून लांब ठेवा.

गाडी महिनाभर उभी राहून पहिल्या किकनंतरच तेल ओकत असेल, तर ऑइलच्या टाकीतलं तेल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरलंय. ते आधी ड्रेन करा.

नव्या रबरानंतरही पाइपातून सतत धूर येतोय? मग पिस्टनच्या रिंगा घासल्यात, बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजून घ्या.